काळ्या मातीत क्लच की ऑटोमॅटिक? थार आणि जिम्नीचे दोन्ही गिअरबॉक्स, विदर्भाच्या वाटांवर

विदर्भात फोर बाय फोर घेणाऱ्याचे डिझेल की पेट्रोल हे बहुतेक वेळा घरीच ठरलेले असते. अडते ते क्लचची घ्यायची की ऑटोमॅटिक, इथे. गावात विचारले तर उत्तर एकच मिळते: खराब रस्त्याला मॅन्युअलच. जुन्या जीपच्या काळात हे बरोबर होते, कारण दुसरे काही मिळतच नव्हते. आता २०२० च्या ऑक्टोबरात आलेली नवी थार आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेली पाच दारांची जिम्नी, दोन्ही गाड्या लो रेंजसकट (चाके हळू पण जास्त ओढीने फिरवणारी गिअरची खालची पातळी) दोन्ही गिअरबॉक्समध्ये मिळतात. तीच गाडी, तेच इंजिन, तीच चाके आणि फक्त गिअरबॉक्स वेगळा, अशी सरळ तुलना करता येते.

आमचा कौल आधीच सांगतो. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याच्या काळ्या मातीत बहुतेक हातांना ऑटोमॅटिक जास्त साथ देते. मेळघाटचे दगडी उतार आणि एटापल्ली-भामरागडकडची गॅरेजपासून लांबची वाट, तिथे मॅन्युअल घ्यावी. दोन्हीकडची कारणे यंत्राच्या पोटात आहेत, म्हणून थोडे खोलात जावे लागेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. इथे ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली, इंजिनाची ओढ पायाच्या क्लचऐवजी तेलातून पुढे देणारी. थारमध्ये जपानच्या आयसिनचा सहा गिअरचा डबा (गिअरबॉक्स) आहे, जिम्नीत चार गिअरचा. छोट्या गाड्यांत येणारी एएमटी ही मुळात मॅन्युअलच असते. क्लच तोच, फक्त तो दाबायला पायाऐवजी मोटर. गिअर बदलताना तिची ओढ मॅन्युअलइतकीच तुटते आणि चढावर रांगताना क्लच त्याच गतीने तापतो. एएमटीवर बसून ‘ऑटोमॅटिक चिखलात चालत नाही’ असे कोणी सांगत असेल तर त्याचे म्हणणे एएमटीपुरते खरे आहे. कोरड्या क्लचच्या डीसीटीचेही (दोन क्लचच्या गिअरबॉक्सचेही) तेच. या लेखात त्या दोघींचा विचार नाही.

पांदण आणि काळी माती

मृग कोरडा जाऊन आर्द्रात दणके बसले की काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वरचा वीतभर थर साबणासारखा निसरडा होतो. पाऊस चालू असतो तेव्हा माती निदान धुतली तरी जाते. खरी अडचण उघडीप पडल्यावर, वापसा यायच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. त्या वेळी ती सर्वात चिकट असते. टायरच्या खाचांत बसते, सुटत नाही, आणि शंभर-दीडशे फुटांत नक्षी दिसेनाशी होते. मड टायरलासुद्धा ती माती फेकून द्यायला चाकाचा वेग लागतो. वेग तुटला की माती फेकली जात नाही, माती फेकली गेली नाही की पकड जात राहते. म्हणजे चिखलात सगळा खेळ ओढ सलग ठेवण्याचा आहे, आणि दोन्ही गिअरबॉक्समधला फरक नेमका इथे उघडा पडतो.

मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की चाकांकडे जाणारी ओढ अर्धा-पाऊण सेकंद बंद पडते. डांबरावर हे कळतही नाही. पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, मात्र चारही चाकांपुढे मातीचा ढीग साचत असतो, आणि तेवढ्या वेळात गाडी जागच्या जागी थांबते. परत सुटायला क्लच घासावा लागतो, चाक जागेवर फिरते, खाली खड्डा करते. त्यामुळे मॅन्युअलवाल्याला गिअर चिखलात शिरायच्या आधी, कडक जागेवर निवडावा लागतो आणि तो चुकला तर मधे दुरुस्ती नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये गिअर बदलताना आतल्या तेलात बुडालेल्या क्लचपैकी एक सुटतो तोवर दुसरा धरतो; ओढ तुटत नाही. शिवाय गाडी जड झाली, वेग पडला की कन्व्हर्टर स्वतःच ओढ वाढवतो. सुटण्याच्या क्षणी ती इंजिनाच्या साधारण दुप्पट असते. हे सगळे चालकाच्या पायाच्या कसबावर अवलंबून नाही, हा मोठा गुण. घरातली गाडी मुलगा चालवतो, पुतण्या चालवतो, कधी सालदार चालवतो. प्रत्येकाचा क्लचवरचा पाय सारखा नसतो.

पांदणीत शिरण्याची पद्धत. मुरमाच्या किंवा डांबराच्या शेवटच्या कडक तुकड्यावर गाडी थांबवा. टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. याहून खाली गेलात आणि वळणावर जोर लावला तर टायर रिमवरून सुटू शकतो. लो रेंज टाकण्यासाठी गाडी पूर्ण उभी, मॅन्युअलचा क्लच दाबलेला किंवा ऑटोमॅटिक न्यूट्रलवर, मग ट्रान्सफर केसचा (ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याचा) लिव्हर फोर लोवर, म्हणजे चारही चाके आणि लो रेंज. तो अडला तर हाताने झोंबू नका. गाडी बोटभर पुढे-मागे सरकू दिली की दाते जुळतात. मॅन्युअल थार असेल तर फोर लोचा दुसरा गिअर धरा. पहिला इतका जोरकस असतो की चाक लगेच जागेवर फिरू लागते. डिझेलला इंजिनाचे मिनिटाला १८०० ते २२०० च्या दरम्यान फेरे ठेवा आणि पलीकडची कडक जमीन लागेपर्यंत क्लचला पाय लावू नका. पाय पेडलवर टेकवूनसुद्धा ठेवू नका. ऑटोमॅटिक थारमध्ये लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा धरून ठेवा. ‘डी’वर सोडली तर मधेच वरचा गिअर टाकून फेरे पाडते, आणि चिखलात फेरे पडणे म्हणजे वेग पडणे.

जिम्नीत हे आणखी महत्त्वाचे. तिचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटर ओढीचे, आणि तेही ४००० फेऱ्यांना. थारच्या डिझेलचे ३०० आहे. जिम्नीच्या ऑटोमॅटिकचे गिअर चारच असल्याने पहिल्या आणि दुसऱ्यात अंतर मोठे आहे. लिव्हर ‘एल’वर ठेवली तर पहिला धरून राहते, ‘२’वर ठेवली तर तिसरा पडत नाही. चिखलात या दोनपैकी एक. पण जिम्नीचे वजन जेमतेम १२०० किलो, थार त्याहून पुष्कळ जड, त्यामुळे वरच्या थराखाली जमीन थोडीशी जरी धरत असेल तर जिम्नी तरून जाते आणि थार रुतते. चिखलात हलकी गाडी हा गिअरबॉक्सपेक्षाही मोठा फायदा आहे, आणि हे जिम्नीवाल्यांना कोणी सांगत नाही.

फोर हायमध्येच (चारही चाके, पण लो रेंजशिवाय) जायचे असेल तर ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण बंद करा; नाहीतर चाक जरा फिरले की संगणक इंजिनाची ओढ कापतो आणि गाडी ऐन मध्यावर मरगळते. जिम्नीत फोर लो टाकले की हे कापणे आपोआप थांबते, पण फिरत्या चाकाला ब्रेकने धरून ओढ दुसऱ्या चाकाला देण्याची सोय चालू राहते. थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागच्या धुरीला (ॲक्सलला) मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे, डावे-उजवे चाक एकत्र जखडणारे. डाव्या-उजव्या चाकाच्या वेगात बराच फरक पडला की ते लॉक होते, तोवर नाही. इथे ऑटोमॅटिकचा एक न बोलला जाणारा फायदा आहे: एक्सलरेटर हळू आणि सलग देता येतो, त्यामुळे लॉक लागेपर्यंत चाक फिरत राहते. मॅन्युअलवाला चाक फिरले की घाबरून पाय उचलतो आणि लॉक लागतच नाही.

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हा वेगळा धोका. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०. पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाकोरी सहज फूटभर खोल जाते. त्यात दोन्ही चाके उतरवली की गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर बसते आणि मग कोणताही गिअरबॉक्स निरुपयोगी. एक बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी धुऱ्याकडच्या (शेताच्या बांधाकडच्या) कडेला घेऊन चालवा. धुऱ्यावर चढताना शेजाऱ्याचे पीक तुडवले जाणार नाही एवढे बघा. तेवढी वाट नसेल तर त्या दिवशी गाडी अलीकडेच ठेवून पायी जाणे बरे.

रुतल्यावर काय जळते

मॅन्युअलमध्ये रुतल्यावर माणूस हाफ क्लचवर पुढे-मागे झोके देतो. हे दोन-तीन वेळा ठीक. त्यापुढे क्लच प्लेट घासून तापते, जळका वास येतो, आणि वास आला म्हणजे लायनिंग करपायला सुरुवात झालेली असते. वास येताच थांबा: न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला, इंजिन चालू, पंधरा-वीस मिनिटे. न थांबल्यास लायनिंग काचेसारखी गुळगुळीत होते, प्रेशर प्लेटच्या पट्ट्यांचा ताव उतरतो, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात. मग गाडी सुटताना थरथरते आणि चढावर फेरे वाढतात पण वेग वाढत नाही. फोर बाय फोरमध्ये क्लच बदलायला आधी प्रॉपेलर शाफ्ट सोडावे लागतात, मग ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. दिवसभराचे काम आहे, पण वणी, दारव्हा, अचलपूर अशा तालुक्याच्या गावातला अनुभवी मिस्त्री ते करू शकतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

ऑटोमॅटिकमध्ये वास येत नाही, म्हणून लोकांना वाटते काही होतच नाही. चाके पूर्ण अडकलेली आणि एक्सलरेटर दाबलेला, अशा वेळी इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलात उष्णता होऊन जाते. हे पाच सेकंदांच्या वर करू नये. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) तेल साधारण ८० ते १०० अंशांत सुखाने काम करते. १२० च्या वर गेले की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि काळे पडलेले तेल आतले क्लच घसरवू लागते. तापमानाचा दिवा लागला किंवा गाडीने स्वतःहून एकच गिअर धरून ठेवला तर ‘एन’वर टाकून इंजिन मंद चालू ठेवा. इंजिन बंद करणे ही नेहमीची चूक. डब्यातला पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर तेल कूलरकडे जात नाही आणि गरम तेल कन्व्हर्टरमध्येच उकडत बसते. झोके द्यायचे असतील तर ‘डी’वरून ‘आर’वर जाताना प्रत्येक वेळी ब्रेक दाबून चाके थांबवा. चाके पुढे फिरत असताना ‘आर’ टाकणे म्हणजे आतल्या क्लचना घाव घालणे.

खरे तर दोन्हीत झोक्यांपेक्षा फावडे बरे. चाकापुढची माती काढा आणि खाली काहीतरी घाला. गावात पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) हाताशी असतात. त्यांची जुडी चाकाच्या आडवी टाका, उभी नाही, आणि वर बारदाना अंथरा. उभ्या काडीचे तिरपे कापलेले टोक टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसते आणि तिथला पंक्चर निघत नाही. याच कारणाने तूर कापलेल्या वावरातून हवा उतरवलेल्या टायरने जाऊ नये. खुंट कोयत्याच्या धारेने कापलेले असतात.

माती त्याच दिवशी धुवा. ब्रेक कॅलिपर, रेडिएटरची खालची कड आणि चाकांच्या आतल्या बाजूला बसलेली काळी माती वाळली की घट्ट होते; चाकाचा तोल जातो, स्टिअरिंग थरथरते आणि लोक अलाइनमेंटवर पैसे घालतात.

उतार

मेळघाटात चित्र पालटते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट डांबरी आहे, त्याला काहीही चालते. धारणी, चिखलदरा तालुक्यांतल्या आतल्या गावांना जाणारे कच्चे रस्ते बेसॉल्टच्या सुट्या दगडांचे, तीव्र आणि वळणांचे आहेत. इथे चढण्यापेक्षा उतरणे अवघड, आणि उतरताना ब्रेकपेक्षा इंजिनाचा लगाम महत्त्वाचा.

जिम्नीचा हिशोब उदाहरणादाखल घेऊ. मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५, लो रेंज २.००२, डिफरन्शियल ४.०९. गुणाकार केला की साधारण ३६ येतात, म्हणजे इंजिन ३६ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. ऑटोमॅटिकचा पहिला २.८७५, लो रेंज तीच, डिफरन्शियल ४.३, गुणाकार जवळपास २५. १९५/८० आर१५ टायरवर इंजिन ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर मॅन्युअल ताशी तीन किलोमीटरच्या आत रांगते. ऑटोमॅटिक सव्वाचारच्या आसपास, तेही कन्व्हर्टर अजिबात घसरला नाही असे धरून. चढताना ही तूट कन्व्हर्टर भरून काढतो, कारण तो ओढ वाढवतो. उतरताना तो काहीच वाढवत नाही. उलट घसरतो आणि गाडी हळूहळू वेग धरते. ऑटोमॅटिकच्या उणिवांतली ही सर्वात खरी उणीव आहे, आणि जाहिरातीत ती कुठेच येत नाही.

मॅन्युअलने उतरताना फोर लो, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला आणि डावा पाय पेडलपासून दूर जमिनीवर. घाबरून क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते; उतारावरच्या अपघातांचे हे मोठे कारण. मागची बाजू घसरू लागली तर ब्रेक मारू नका, एक्सलरेटर किंचित द्या म्हणजे चाके गाडीच्या वेगाला येतात. ऑटोमॅटिकने ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडचा पहिला धरा आणि हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप रोखणारी सोय) लावा. ते एबीएसच्या पंपाने एकेक चाक धरते. टर्र-टर्र आवाज येतो, तो बिघाड नाही. पण हे काम ब्रेक पॅडच करत असतात. लांब उतारावर मधे थांबून ते गार होऊ द्या.

चढ अर्ध्यात फसला तर मात्र ऑटोमॅटिक सोपी. ब्रेक दाबा, गाडी पूर्ण थांबू द्या, ‘आर’ टाका, आलात त्याच रेषेत मागे या. मॅन्युअलमध्ये इंजिन बंद पडते, आणि नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. त्यामुळे क्रम पाठ हवा: ब्रेक आणि हँडब्रेक, क्लच दाबून रिव्हर्स, स्टार्ट, क्लच हळूहळू पूर्ण सोडा, इंजिनाने गाडी धरली हे जाणवले की मगच ब्रेक सोडा. स्टिअरिंग वळवू नका. चढावर गाडी आडवी झाली की उलटते.

आणखी एक गोष्ट जीव वाचवणारी आहे. ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलवर असेल किंवा हाय-लोच्या मधे अडकला असेल तर ऑटोमॅटिकचा ‘पी’ गाडी धरत नाही, मॅन्युअलचा गिअरही धरत नाही, कारण चाकांशी संबंधच तुटलेला असतो. उतारावर थांबताना हँडब्रेक आणि चाकामागे दगड, दोन्ही.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. वर सांगितलेले सगळे गावांना जोडणाऱ्या चालत्या रस्त्यांपुरते.

पाणी, वाळू, ऊन

रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, मग थारची ६५० मिलिमीटरची पाण्यातली क्षमता असो की फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीची ७००. हे आकडे थांबलेल्या पाण्याचे आहेत. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीला पूर आला की पुलापाशी थांबावेच लागते, आणि तिथे थांबणे हेच शहाणपण. साचलेल्या पाण्यातून जाताना मॅन्युअलने क्लच दाबू नये: प्लेट आणि फ्लायव्हीलच्या मधे पाणी-गाळ शिरतो आणि बाहेर आल्यावर क्लच घसरतो. ऑटोमॅटिकला हा त्रास नाही, पण तिचा ब्रीदर पाइप (डब्यातली हवा आत-बाहेर जाण्याची नळी) बघावा. तापलेला डबा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तुटक्या ब्रीदरमधून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. लाल एटीएफ दुधाळ गुलाबी झाले असेल तर पाणी शिरले आहे; अशा गाडीला पुढे न चालवता तेल काढायला लावा. मॅन्युअलच्या गिअर तेलात, दोन्ही डिफरन्शियलमध्ये पाणी शिरले तरी रंग असाच पांढरट होतो.

वैनगंगा-वर्धेच्या पात्रातल्या वाळूत ऑटोमॅटिक निर्विवाद पुढे. भंडारा-गोंदियाकडच्या बांधीत (भाताच्या खाचरात) चिखलणीनंतर गाडी घालायचा प्रश्नच नसावा.

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला ४५ अंशांच्या वर जातात. ऑटोमॅटिकचे तेलही गार हवे, इंजिनही, वर एसीचा भार. रेडिएटरपुढे कापसाचा तंतू, सोयाबीनचे कुटार, गवताचे बी अडकते. आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे, मोठ्या पंपाने मारले तर पत्र्याच्या बारीक कडा दुमडतात. डिझेल घेणाऱ्यांनी डीपीएफही (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लक्षात ठेवावा: रोज लो रेंजमध्ये रांगणाऱ्या गाडीत काजळी साठते, आठवड्यातून एकदा हायवेवर पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने चालवली तर ती जळते. आणि ती जळत असताना सुक्या गवतावर गाडी उभी करू नका.

बंद पडली तर

ऑटोमॅटिकला धक्का मारून चालू करता येत नाही. मॅन्युअल होते, पण बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. नव्या इंजिनांचा संगणक आणि पंप पूर्ण मेलेल्या बॅटरीवर जागा होत नाही. जाड तारेची जंपर केबल दोन्हीत ठेवा. ओढून नेण्यात मात्र फरक मोठा. चिखलातून ट्रॅक्टरने काही फूट ओढायला हरकत नाही: इंजिन चालू, गिअर ‘एन’वर, दोर चेसिसच्या हुकाला, बंपरला नाही. पण इंजिन बंद ठेवून ऑटोमॅटिक चाकांवर मैलोनमैल ओढली तर आत तेल फिरत नाही आणि डबा जातो. तिला गाडीवर चढवून न्यावे लागते. डब्याच्या दुरुस्तीला स्कॅनर, सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी समजणारा माणूस लागतो, आणि तो नागपूर, अमरावती, चंद्रपूर, अकोल्यात भेटतो. सिरोंचा किंवा भामरागडहून हे अंतर किती होते याचा हिशोब घेणाऱ्याने स्वतः करावा. गडचिरोलीच्या दक्षिणेला आम्ही मॅन्युअल सांगतो त्यामागे हेच कारण. तिथल्या मुरमाड लाल मातीत ऑटोमॅटिक चालण्यात कमी नाही.

पैशाचे म्हणाल तर ऑटोमॅटिक लाखाच्या घरात महाग पडते. मायलेजचा फरक नगण्य: जिम्नीचे एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे आकडे मॅन्युअल १६.९४ आणि ऑटोमॅटिक १६.३९ किलोमीटर प्रति लिटर. चिखलात एकदा-दोनदा क्लच बदलावा लागला की वाचवलेला पैसा बराच परत जातो. ऑटोमॅटिकच्या तेलाला ‘लाइफटाइम’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. असल्या वापरात ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलावे. मोठ्या गाड्यांत कंपन्याच ऑटोमॅटिकला जास्त ओढ देतात: स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेलला मॅन्युअलमध्ये ३७० न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकमध्ये ४००, फॉर्च्युनरला ४२० आणि ५००. फोर्सची गुरखा मॅन्युअलच येते, पण पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना हाताने लावायचे लॉक असल्याने दगडी वाटेवर ती वेगळ्याच पातळीवर आहे. रोज बाजारगावी, दवाखान्यात, शाळेत नेण्याची गाडी म्हणून ती जड जाते.

जुनी घेताना

मॅन्युअलचा क्लच असा तपासा: मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ५० वर एक्सलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे. पेडल दाबल्यावर घरघर येऊन सोडल्यावर थांबत असेल तर रिलीज बेअरिंग गेले. ऑटोमॅटिक थंड असतानाच बघा, विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली नको. ब्रेक दाबून ‘एन’वरून ‘डी’ आणि ‘आर’ टाका. सेकंदाच्या वर उशीर किंवा जोराचा धक्का म्हणजे आत झीज. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या: लालसर चालेल, तपकिरी असेल तर बदलीचा खर्च किमतीतून वजा करा, काळा आणि करपट वासाचा असेल तर गाडी सोडा. डिपस्टिक नसलेल्या डब्यात हे काम लिफ्टवर घेऊनच होते, त्याला नकार देणाऱ्याशी व्यवहार करू नका.

शेवटी गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊन फोर हाय आणि फोर लो दोन्ही टाकून बघा. डांबरावर फोर बाय फोर टाकून वळू नका, शाफ्टवर ताण येतो. ‘आम्ही फोर बाय फोर कधी वापरलेच नाही’ हे विक्रेते कौतुकाने सांगतात. वर्षानुवर्षे न हललेला लिव्हर बहुधा जाम झालेला असतो आणि ट्रान्सफर केसचे तेल एकदाही बदललेले नसते. दोन्ही कामे विकणाऱ्याकडून करून घेऊन मगच इसार द्या.